उपासनेत बसते, पण आत काहीच हलत नाही

जय ख्रिस्त, ताई.

तुमचं पत्र मोठं आहे आणि मोकळं आहे, त्यामुळे उत्तरही लांबणार. इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. या ताई अंबड तालुक्यातल्या, वय ३६. नवरा चाकणला कंपनीत कामाला. दोन वर्षांपूर्वी तो सुट्टीला यायचाच बंद झाला आणि तिकडं दुसरा संसार मांडल्याचं मागाहून कळलं. तेव्हापासून ताई माहेरी राहून शिवणकाम करतात. मुलगी तिसरीत आहे. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गाण्याला सुरुवात करून द्यायच्या त्या याच. आता शेवटच्या रांगेत बसतात आणि आशीर्वाद झाला की कुणाशी न बोलता निघतात. त्यांनी विचारलंय, आशा परत येते का? प्रार्थना होत नाही, हे पाप आहे का? सगळे म्हणतात क्षमा कर, ती करायची कशी? आणि लेक रोज रात्री बाबा परत यावा म्हणून प्रार्थना करते, तिला काय सांगायचं?

मी पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, नाही. आधी मिशनच्या दवाखान्यात नर्स होते, पुढे समुपदेशन शिकले. जालना-संभाजीनगर पट्ट्यात मंडळीत आणि मंडळीबाहेरही मन मोडलेल्या माणसांसोबत बसण्याचं काम बरीच वर्षं करते आहे. त्यामुळे माझ्या उत्तरात शास्त्र येईल आणि दवाखानाही येईल.

सुरुवात तुम्ही प्रश्न म्हणून न विचारलेल्या गोष्टीपासून करते. पत्राच्या मधोमध एक ओळ आहे: रात्री तीनला जाग येते, मग डोळा लागत नाही, जेवण जात नाही, आणि कधी वाटतं की झोपले ते उठूच नये. ही ओळ वाचून पुढं जाणं मला जमणार नाही. पहाटे लवकर जाग येणं, भूक मरणं, कशातच मन न लागणं हे दोन आठवड्यांच्या वर टिकलं, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. तुम्ही तर महिन्यांच्या गोष्टी लिहिताय. जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन मानसोपचार तज्ज्ञ कोणत्या दिवशी असतात ते विचारा. संभाजीनगरला घाटी रुग्णालयात आणि अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजातही सोय आहे. जायला जमेपर्यंत टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा. फोन फुकट आहे, चोवीस तास उचलतात, मराठीत बोलता येतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर त्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे जातात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका, आणि बरं वाटायला लागलं म्हणून आपल्या मनानं बंदही करू नका.

आणखी एक, जरा स्पष्टच. आपल्याकडं शेतकऱ्याच्या घरात फवारणीचं औषध कोपऱ्यात, माळ्यावर, कुठंही पडलेलं असतं. भावाला सांगून ते आजच घराबाहेर, कुलपात ठेवायला लावा, आणि किल्ली त्याच्याकडंच राहू द्या. ‘उठूच नये’ या विचाराची जागा कधी ‘आपणच काहीतरी करून घ्यावं’ या विचारानं घेतली, तर त्याच क्षणी आईला हलवून उठवा आणि तिच्यासमोर १४४१६ लावा. ती लाट बहुतेक वेळा थोड्या वेळात ओसरते, आणि तेवढ्या वेळात हाताशी औषध नसणं यानं माणसं वाचतात, हे मी दवाखान्यात पाहिलेलं आहे.

गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी, असं कुणी सांगेल. एखादा बाहेरून आलेला उपदेशक डोक्यावर हात ठेवून अंगातला दुष्ट आत्मा काढायचाही प्रयत्न करेल. त्याला नमस्कार करून घरी या. बायबलमधल्या १ राजे या पुस्तकाचा १९वा अध्याय वाचलाय ना? एलीयासारखा संदेष्टा, कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवलेला, दुसऱ्याच अध्यायात रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला काय म्हणतो? ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. खाऊन तो परत झोपतो, तर झोपू देतो. दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायलाच सांगतो, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नाही. पुढं होरेब डोंगरापर्यंत चाळीस दिवसांची चाल आहे, आणि देव त्याच्याशी बोलतो ते तिथं पोचल्यावर. आधी भाकर, पाणी, झोप. एलीयाला ‘तुझा विश्वास कुठं गेला’ असं त्या अख्ख्या अध्यायात कुणीही विचारत नाही. देव विचारतो ते एवढंच, की तू इथं काय करतोस? तेही दोनदा. दोन्ही वेळा एलीया तीच तक्रार शब्दशः करतो. मधे वारा, भूकंप, अग्नी, मग शांत वाणी, एवढं सगळं होऊन गेलं तरी तक्रार जशीच्या तशी! देवानं त्याला त्याबद्दल रागावलेलं नाही. मला हा भाग फार आवडतो, कारण माझ्यासमोर बसणारी माणसंही तेच तेच सांगतात आणि वर ‘तुम्हाला कंटाळा आला असेल’ म्हणतात.

आता प्रार्थनेचं. तुम्ही लिहिता, ‘देवाबापा, तुझे उपकार मानते’ असं म्हणायला तोंड उघडते आणि घसा आवळतो. मग ते म्हणू नका. जे म्हणावंसं वाटतं ते म्हणा. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांतली कितीतरी नुसती गाऱ्हाणी आहेत. आपण उपासनेत २३वं, ९१वं, १२१वं, १०३वं फिरून फिरून वाचतो आणि उरलेली तशीच राहून जातात. १३वं काढा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांतच ‘कोठवर’ हा सवाल चारदा येतो. विसरलास का, तोंड का लपवतोस, असं थेट देवाला. ते स्तोत्र शेवटी गाण्यावर येतं, खरं आहे. पण ८८वं येत नाही. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी ‘तरीही’ नाही की ‘हालेलूया’ नाही. ज्यांनी शास्त्र जमवलं त्यांनी ते वगळलं नाही, त्याला शेपूट जोडून गोडही केलं नाही. कुणाची रात्र तशीच संपते, तर तिलाही देवापुढं म्हणायला काहीतरी असावं. आणि येशूनं वधस्तंभावर जी आरोळी मारली, माझ्या देवा, तू मला का सोडलंस, ती २२व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. गुड फ्रायडेला वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर तीन तास बसतो आपण; त्यातल्या चौथ्यावर, म्हणजे याच आरोळीवर, संदेश देताना बरेच जण घाईनं पुढं सरकतात असं माझं निरीक्षण आहे.

तेव्हा पाप वगैरे काही नाही. देवाकडं तोंड करून केलेली तक्रार ही प्रार्थनाच आहे. ईयोबाच्या पुस्तकाचा शेवट बघा. संकटांनी मोडलेल्या ईयोबानं सगळी तक्रार केली आणि देवाची बाजू मित्रांनी मांडली. तरी शेवटच्या अध्यायात देव मित्रांवर संतापतो आणि म्हणतो, माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोब.

करायचं कसं? मी बायकांना शाळेची साधी शंभर पानी वही घ्यायला सांगते. त्यात रात्री, किंवा तुम्हाला तीनला जाग येते तेव्हाच, देवाला उद्देशून तीन-चार ओळी. शुद्धलेखन नाही, शास्त्रवचन नाही, शेवटी आमेनसुद्धा नाही लिहिलं तरी चालेल. फक्त ‘तू’ म्हणून लिहायचं, म्हणजे ते स्वतःशी घोकणं होत नाही, कुणालातरी सांगणं होतं. ‘आज त्याच्या बहिणीनं स्टेटसला फोटो टाकला, तू बघत होतास का?’ असं. वही कुणाला वाचायला द्यायची नाही, मलाही नाही. लिहायलाही जड गेलं तर १३वं स्तोत्र नुसतं हळू आवाजात वाचा आणि दुसऱ्या वचनानंतर थांबा. पुढचं म्हणायची सक्ती नाही.

आशेचा प्रश्न आता. मंडळीत आपल्याला लहानपणापासून असं शिकवलं जातं की आशा ही आपल्या आत असते, आणि नसली तर आपण ती विश्वासानं आणायची. मला हे पटत नाही. मार्काच्या शुभवर्तमानातल्या दुसऱ्या अध्यायातला पक्षाघाती आठवा. कफर्णहूमात घर माणसांनी भरलेलं, दारातही जागा नाही. चौघांनी छप्पर उघडलं आणि त्याला बाजेसकट खाली सोडलं. तिथं लिहिलंय की येशूनं त्यांचा विश्वास पाहिला. त्यांचा, म्हणजे त्या बाज धरणाऱ्यांचा. पडलेल्याच्या तोंडी त्या गोष्टीत एक शब्दही नाही. त्याला तेव्हा काय वाटत होतं, आशा होती की नव्हती, मार्कानं विचारलेलंच नाही.

तुम्ही सध्या बाजेवर आहात. तुमच्या वाट्याचं गाणं दुसऱ्यांनी म्हणायचं, तुमच्या वाट्याची आशा दुसऱ्यांनी धरायची, यालाच मंडळी म्हणतात.

ते प्रत्यक्षात कसं दिसतं, ते एका घरात मी पाहिलं. मंठ्याकडचं गाव. सोयाबीन हातचं गेलं त्या वर्षी घरधन्यानं औषध घेतलं. मागं बायको, दोन लेकरं, म्हातारी सासू. पहिल्या आठवड्यात अख्खी मंडळी येऊन गेली. ‘देवाची योजना आहे’, ‘देव सोसवेल एवढंच देतो’, सगळं बोलून झालं. नंतर यायची ती एकच, गल्लीतली एक आजी. दिवस कलला की ती उंबऱ्याशी येऊन बसायची. सूप मांडीवर घ्यायची, जे असेल ते निवडायची, कधी तूर, कधी ज्वारी. निवडून झालं की सूप बाजूला ठेवून, डोळे मिटून एकटीच प्रभूची प्रार्थना मोठ्यानं म्हणायची आणि काठी टेकत घरी जायची. ‘तू म्हण’ असं तिनं कधी म्हटलं नाही. त्या बाईनंच मला पुढं सांगितलं, की कित्येक दिवस तिला त्या आवाजाचा रागच यायचा. मग आजीला ताप आला आणि दोन दिवस ती आली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई चुलीपुढं बसलेली असताना ‘आमची रोजची भाकर आज आम्हास दे’ एवढंच तिच्या तोंडून निघालं. पुढचं आठवेना. ती म्हणाली, बाई, मला तेव्हा बरं वाटलं नाही, फक्त आजीला ताप उतरला का ते बघून यावं असं वाटलं, म्हणून मी उठले आणि गेले.

मला विचाराल तर आशा परत येते ती अशी. छातीत उजेड पडत नाही. दुसऱ्या कुणाचातरी ताप बघायला पाय निघतो. कुणाला एक दिवस चहात साखर जास्त झाल्याचं कळतं, कुणाला सणाला लेकराचा फ्रॉक शिवावासा वाटतो. तुम्ही दुसऱ्यांचे ब्लाऊज शिवताय पण दोन वर्षांत स्वतःसाठी काही शिवलं नाही, असं लिहिलंय. ते मी लक्षात ठेवलंय.

वेळ किती लागेल, हे मला सांगता येणार नाही. साक्षीच्या सभांमध्ये सगळं झटपट होतं: मंगळवारी रडले, शुक्रवारी प्रार्थना झाली, रविवारी आनंद. ऐकणारी मागं बसून म्हणते, माझंच काहीतरी चुकतंय. त्यापेक्षा पंडिता रमाबाई वाचाव्यात. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. १८८०मध्ये भाऊ गेला. १८८२मध्ये नवरा गेला, पदरात तान्ही मनोरमा. १८८३मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला. आणि तरी मनाला खरी शांती मिळायला त्यानंतर आठेक वर्षं गेली, असं त्यांनी स्वतः सांगून ठेवलंय. केडगावचं मुक्ती मिशन, शेकडो अनाथ मुली, अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर एवढं काम करणाऱ्या बाईला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं! १८९६च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतातून उपाशी मुलींना घेऊन आल्या. दुष्काळात पोरकं होणं काय असतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

क्षमेविषयी मला जास्त बोलायचंय, कारण या विषयात बायकांवर फार अन्याय होतो. दीर दोनदा घरी येऊन गेले, ‘झालं गेलं विसरा, ख्रिस्ती माणसानं सातांच्या सत्तर वेळा क्षमा करायची असते, या कागदावर सही करा’ म्हणाले, असं तुम्ही लिहिता. दिरांनी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा १८वा अध्याय शेवटाकडून उघडलेला दिसतोय. पेत्र या शिष्यानं किती वेळा क्षमा करू हे विचारलं ते २१व्या वचनात. त्याआधी, १५ ते १७ मध्ये, येशूनं पद्धत सांगितली आहे: भावानं अपराध केला तर आधी एकांतात त्याला त्याचा दोष दाखव, ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत घे, तरी ऐकलं नाही तर मंडळीला सांग. तुमच्या नवऱ्याला एकांतात, साक्षीदारांसमोर किंवा मंडळीसमोर दोष कुणी दाखवला? कुणीच नाही. तुमच्याच दारात येऊन तुम्हालाच वचन ऐकवलं.

योसेफाचं उदाहरणही सगळे देतात, पण अर्धं. भावांनी त्याला विकलं. पुढं दुष्काळात ते धान्याला मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, आले तेव्हा त्यानं पहिल्या भेटीत ओळख दिली नाही. बाजूला जाऊन रडला, पण ओळख दिली नाही. त्यांच्यातल्या शिमोनाला ठेवून घेतलं, धाकट्या बन्यामीनाच्या गोणीत प्याला लपवला, भाऊ बदललेत का ते नीट पारखलं. त्यांच्यातला यहूदा ‘बन्यामीनाऐवजी मला गुलाम ठेव’ म्हणाला, तेव्हा कुठं योसेफाला रडू आवरलं नाही आणि त्यानं ओळख दिली. म्हणजे मनातला सूड सोडणं एक, आणि परत जवळ घेणं वेगळं. पहिलं तुमचं आणि देवाचं काम आहे, त्याला वेळ लागतो. कधीकधी आज सोडलेलं उद्या परत हातात येतं, मग परत सोडायचं. दुसऱ्यासाठी समोरच्यानं पश्चात्ताप करून वागणूक बदलायला लागते. तो चाकणला दुसऱ्या घरात सुखानं राहत असताना तुम्ही एकटीनं समेट कसा करणार?

त्या कागदावर तर सही करूच नका. आपल्या ख्रिस्ती लोकांचा घटस्फोट १८६९च्या कायद्याखाली न्यायालयातच होतो. घरी किंवा चार माणसांत बसून केलेल्या सहीनं होत नाही. पण त्या कागदात पोटगी सोडल्याचं वगैरे लिहिलेलं असेल, तर पुढं तुम्हालाच त्रास. पोटगी मागणं हा सूड नाही, लेकीच्या शाळेची फी आहे ती. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५च्या जागी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे, त्याखाली तुमच्यासाठी आणि मुलीसाठी अर्ज करता येतो. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईमाणसाला उत्पन्नाची अट न लावता वकील फुकट मिळतो. १५१०० वर फोन करून विचारा. दीर पुन्हा आले तर ‘वकिलाला दाखवून सांगते’ एवढंच बोला आणि चहा ठेवा. भांडायची गरज नाही.

मंडळीत परत गाणं कधी सुरू करायचं, हेही तुम्ही ओझरतं विचारलंय. एवढ्यात नको. पाळकसाहेबांना सांगा की नाताळपर्यंत मला कुणी पुढं बोलावू नका, मी मागं बसेन आणि ऐकेन. चांगला पाळक हे ऐकतो. पण आशीर्वाद झाला की लगेच पळू मात्र नका. महिला मंडळातली एखादी, जी उपदेश करत नाही अशी, तुमच्या नजरेत असेलच. तिला म्हणा, दर बुधवारी दुपारी माझ्याकडं येऊन बस, मी शिवत असते, तू काजं-बटणं कर. बुधवारची प्रार्थनासभा सध्या तेवढीच.

राहिली लेक. तिची प्रार्थना थांबवू नका आणि दुरुस्तही करू नका. ‘बाबा येईल बरं’ असा शब्द मात्र देऊ नका, कारण तो पाळणं तुमच्या हातात नाही; नाही आला तर पोर देवावरही रुसेल आणि तुमच्यावरही. ‘तुला बाबा यावा असं वाटतं, ते देवाला सांग, तो ऐकतो’ एवढं पुरे. बाबाविषयी तिच्यापुढं वाईट बोलू नका, आणि तो फार चांगला आहे असंही सांगू नका. ती तिसरीत आहे, तिला दिसतं. ‘माझ्यामुळं गेला का’ हे मुलं विचारत नाहीत, मनात ठेवतात. तेव्हा तिनं न विचारताच सांगा की मोठ्या माणसांच्या भांडणात लेकरांची चूक नसते, आणि एकदा सांगून भागत नाही. वर्गशिक्षिकेच्या कानावर घालून ठेवा, म्हणजे बाबावर निबंध लिहायला आला तर बाईंना कळेल. आणि एखाद्या रात्री तिनं ‘आई, देव का ऐकत नाही गं?’ असं विचारलंच, तर उत्तर शोधत बसू नका. ‘मलापण तेच कळत नाही, मीपण त्याला रोज हेच विचारते’ असं म्हणा, आणि हवं तर वही दाखवा, फक्त आतलं वाचून दाखवू नका.

डॉक्टरांकडं जाऊन आलात की मला कळवा. आधी ते.